आवडाचे जाते आणि उभ्यांचे टोक

एका राज्यात समुद्रात शिरलेले एक टोक होते. आंधळ्याने हात पुढे करून वाट चाचपावी, तशी तिथे जमीन पाण्यात पुढे गेली होती. त्या टोकावर काळे दगड उभे होते. नुसते धोंडे नव्हेत. प्रत्येकाला सहा कडा, आणि कड ओळंबा लावल्यासारखी सरळ. कोणी पुरुषभर उंच, कोणी दोन पुरुष, कोणी कमरेएवढा. सगळे एकमेकांना खेटून, देवळाच्या दारात दर्शनाला दाटी व्हावी तसे. खाली पाण्याच्या कडेला त्यांच्यातलेच बुटके बुडखे पसरले होते, ते वरून पाहिले की मधाचे पोळे वाटत.

लोक त्याला उभ्यांचे टोक म्हणत. ते दगड कोणी घडवले हे कोणाला ठाऊक नव्हते, पण पाहायला सगळे जात. थंडीत ऊन कोवळे झाले की गाड्या जुंपायच्या, दडपे पोहे बांधून घ्यायचे, दगडांवर बसून खायचे, पोरांना समुद्र दाखवायचा आणि दिवस मावळायच्या आत माघारी फिरायचे. पथ्य एकच होते. तिथला दगड घरी आणायचा नाही. का आणायचा नाही, ते लोक विसरून गेले होते. पथ्य तेवढे राहिले होते.

त्या राज्यात रवळू नावाचा पाथरवट होता, आणि आवडा त्याची बायको. तिथले पाथरवट जोडीने काम करत. नवरा दगडापुढे उभा राही, बायको दगडामागे बसून दगडाला कान लावी. नवरा हातोड्याने तीनदा हलके ठोके आणि विचारी, “आहे का कोणी?” दगडाच्या पोटात चीर असली, पोकळी असली, तर आवाज बद्द येई. मग बायको म्हणे, “आहे,” आणि तो दगड सोडून देत. दगड घंटेसारखा वाजला तर ती म्हणे, “कोणी नाही,” आणि मग नवरा घण उचली. बापजाद्यांनी घालून दिलेली रीत होती ती. मोडली तर हात वाकडा होतो म्हणत.

रवळू आणि आवडा वीस वर्षे असे काम करत आले होते. त्यांचा ताल बसला होता. ठक, ठक, ठक, आहे का कोणी, कोणी नाही, घण. सगळे एका श्वासात. आवडाचा कान चांगला होता, पण हल्ली दगड नुसता पाहूनच तिला कळे. कान टेकला न टेकला तोच शब्द तोंडातून निघे. रवळूही तो ऐकत नसे. शब्दाची जागा आली की त्याचा घण आपला उठे.

त्यांच्या घरी एक जाते होते. रवळूच्या पणजोबाने घडवलेले, काळेभोर आणि जड. इतरांच्या जात्यांना सालोसाल छिन्नीने टाकी लावावी लागे, ह्याला कधी लागली नाही. आणखी एक गोष्ट होती. हात थांबला, वरचा दगड थांबला, तरी त्याच्या पोटातली घरघर लगेच थांबत नसे. जरा वेळ हुंकार चाले. आवडाची सासू हसून म्हणायची, “जातं बोलतंय गं. पण भाकऱ्या थापायच्या की त्याचं ऐकत बसायचं?” सासू गेली. आवडा रोज पहाटे दळी, आणि हुंकार उरला असतानाच पिठाची पाटी उचलून चुलीकडे जाई.

त्या राज्याचा राजा वीरकेतू. मनाने वाईट नव्हता, पण घाईचा होता. फिर्यादी बोलायला लागला की अर्ध्यातच निवाडा देऊन मोकळा होई. त्याच्या लाकडी सिंहासनाला वाळवी लागली. त्याने ठरवले, आता सिंहासन करायचे ते उभ्यांच्या टोकाच्या दगडाचे. रवळूला बोलावणे गेले. रवळूने हात जोडून पथ्याची आठवण दिली. राजाने विचारले, पथ्याचे कारण काय? रवळूला सांगता आले नाही. प्रधानाला सांगता आले नाही. दरबारात कोणालाच सांगता आले नाही. मग राजा म्हणाला, “ज्याचे कारण नाही ते पथ्य नाही.” दिवस ठरला.

एकशे त्रेचाळीस माणसे टोकावर आली. राजा, प्रधान, भालदार, आचारी, वाजंत्री, रवळू. आणि आवडा धरून एकशे चव्वेचाळीस. आचाऱ्यांनी चुली मांडल्या. भालदारही पोरांसारखे या दगडावरून त्या दगडावर उड्या मारू लागले. ऊन छान पडले होते. लाट फुटली की पाणी दगडांच्या फटींतून वर चढे आणि बोटांमधून निसटल्यासारखे उतरे.

आवडा एका सपाट दगडाशी वाकून बसली होती. तिथे टिटवीने चार अंडी घातली होती. ना काडी, ना कापूस, उघड्यावरच. गाडीचे चाक तिथूनच जाणार होते. आवडाने भोवती खडे रचले आणि गाडीवानाला हाताने लांबून जायला सांगितले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती.

“टिटवीचं बाळंतपण करायला आलीस की दगड ऐकायला?” रवळू म्हणाला.

“तुम्ही तुमचा घण सांभाळा,” ती म्हणाली, आणि हसत दगडामागे जाऊन बसली.

राजाने मधला उंच दगड निवडला होता. तो म्हणाला, आटपा. रवळूने ठोकले. ठक, ठक, ठक.

“आहे का कोणी?”

आवडाने कान टेकला. दगड घंटेसारखा वाजला. अखंड होता. पण त्या नादाच्या खाली, फार खाली, दुसरे काहीतरी हलले. जेवता जेवता कोणी हाक मारली तर माणूस घास गिळून, घसा साफ करून बोलायला जातो, तसे काहीतरी. ती थबकली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिचा शब्द तोंडातच राहिला.

पण शब्दाची जागा आली होती. रवळूचा घण उठला आणि खाली आला.

मोठा आवाज झाला नाही. ओले धुणे दगडावर पडावे एवढाच झाला. दगडाला उभी भेग गेली आणि भेगेतून पाणी आले. आवडाच्या गालाला ते लागले. कोमट होते.

मग तिला जाणवले, की वाजंत्री थांबली आहेत. बोलणी थांबली आहेत. ती उठून दगडाला वळसा घालून पुढे आली. रवळू उभा होता तिथे एक काळा दगड होता. सहा कडांचा, रवळूएवढाच उंच. घण त्याला टेकून पडला होता. राजाच्या जागी दगड होता, त्याच्यावर छत्री कलली होती. आचारी होते तिथे चुलींभोवती दगड. बैल आणि घोडे मात्र होते तसेच गवत ओढत होते.

आवडा ओरडली नाही. ओरडायचे असते हे तिला सुचलेच नाही. तिने घण उचलला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. मग ती चुलींकडे गेली. भाताला खालून लागल्याचा वास येत होता, तिने पातेले उतरवले. कावळे जमू लागले होते, म्हणून भांड्यांवर झाकणे घातली. एका आचाऱ्याच्या दगडाशी मिठाची वाटी सांडली होती, तीही भरून ठेवली. सगळे झाल्यावर करायला काही उरले नाही. तेव्हा ती रवळूच्या पायथ्याशी बसली. रवळूला पाय नव्हते, तरी ती जागा पायांचीच होती.

टिटवी येऊन समोर उतरली. बोलली. त्या टोकावरच्या टिटव्या बोलत असत, त्यांचे पुरते ऐकायला कोणी थांबत नसे एवढेच.

“बाई, तू का नाही झालीस दगड?”

आवडा म्हणाली, “मी ऐकत होते.”

“म्हणूनच. बाकीचे नव्हते ऐकत. आता खाली जा. ओहोटी लागली की टोकाच्या पोटात गुहा उघडते. तिथे जोगी बसला आहे. हा शाप त्याचा. तिथे सोने पडले आहे, त्याला बोट लावू नकोस. ज्या बोटाने लावशील ते दगडाचे होईल.”

“तू नाही येत?”

“मी अंड्यांवरून उठले तर ती गार होतील. आणि रात्री पाय वर करून आभाळ कोणी धरायचे?” टिटवी म्हणाली, आणि पाय पोटाशी घेऊन बसली.

ओहोटीला आवडा गुहेत उतरली. आत जेवणाची पंगत मांडली होती. सोन्याची ताटे, सोन्याचे गडू, रत्नजडित समया-चौरंग, सगळे खाऱ्या पाण्याने माखलेले. पंगतीच्या टोकाला, दाराकडे तोंड करून, एक म्हातारा बसला होता. दाढीत शेवाळ वाढले होते. डोळे कोरडे होते.

त्याने तिला पाहिले आणि विचारायच्या आधीच सांगू लागला. सातशे वर्षांपूर्वी या टोकावर राजवाडा होता. वादळात त्याची होडी फुटली आणि तो पोहत इथे आला. अंगात थंडी भरलेली, घसा खाऱ्या पाण्याने जळलेला. आत पंगत चालली होती. हसणे ऐकू येत होते, तुपाचा वास येत होता. दार बंद होते. त्याने दारावर तीनदा ठोकले आणि हाक मारली, “आहे का कोणी?” उत्तर आले नाही.

“एकशे आठ माणसे आत होती,” जोगी म्हणाला. “एकानेही ओ दिली नाही. मी म्हणालो, उभे राहा तर मग असेच. कोणी तुम्हांला विचारील आणि तुम्ही उत्तर द्याल तेव्हाच सुटाल. वर उभे आहेत ते तेच.”

आवडाने गुहेची भिंत धरली. वरच्या ज्या दगडांवर बसून ती लहानपणी पोहे खाऊन गेली होती, ज्यांना टेकून बायका पोरांना झोपवत, ते सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले. 

“आणि माझा माणूस?”

“त्याने विचारले आणि ऐकायला थांबला नाही. त्याच्याबरोबरचेही तसलेच. त्यांनाही तोच शाप.”

“बाबा, मला त्यांना विचारू द्या.”

“विचारशील. एकदाच. त्याआधी तीन दिवसांच्या तीन ओहोट्यांत तीन कामे कर. तिसऱ्या दिवशी भरतीचे पाणी पहिल्या उभ्या दगडाला लागले, की विचारणेही संपले आणि उत्तरही. पहिले काम. उद्या तुझा नवरा मला ओळखून दाखव. कोणाशी बोलायचे नाही.”

आवडाला वाटले, हे काय अवघड? पण दुसऱ्या दिवशी ती वर गेली तर दगडांनी जागा बदलल्या होत्या. जुने नवे एकमेकांत मिसळले होते. छत्री एकीकडे, चुली एकीकडे. अडीचशे दगड सारखेच काळे होते आणि सारखेच मुके.

ती धावू लागली. याला कान लाव, त्याला लाव. हा नाही, तो नाही. ऊन डोक्यावर येईतो तिने दोनशे दगड ऐकले आणि काहीच ऐकले नाही. गुडघे फुटले. ती टिटवीशेजारी बसून रडू लागली.

“कान लावतेस खरी,” टिटवी म्हणाली, “पण उचलतेस किती लवकर. मी अंड्यांवर अठ्ठावीस दिवस बसते. तू दगडावर दहा श्वास तरी बैस.”

आवडाने डोळे पुसले. ती सावकाश उठली. दहा श्वास, वीस श्वास, हळूहळू. मग तिला कळले, की दगड मुके नाहीत, सावकाश आहेत. एकात जुनी हसण्याची लाट येत होती, विझत होती. एकात कोणी घास चावत होते आणि तो घास अजून संपला नव्हता. होता होता ती खालच्या कडेच्या एका दगडाशी आली. कान लावला. बराच वेळ काही नाही. मग आतून आले, ठक. बऱ्याच वेळाने, ठक. मग आणखी एकदा. आणि त्यानंतर एक जागा मोकळी राहिली. तिच्या शब्दाएवढी. आत कोणीतरी ती जागा मोकळी धरून थांबले होते.

वीस वर्षांत तो असा थांबला नव्हता.

आवडाला त्याचे नाव घ्यायचे होते, पण बोलायची मनाई होती. तिने कपाळ दगडाला लावले आणि हाताने जोग्याला खूण केली. जोगी गुहेच्या तोंडाशी उभा होता. तो म्हणाला, “पहिले झाले. उद्या मला समुद्रातले गोडे पाणी आण. भांडे इथले ने.” त्याने सोन्याचा गडू पुढे सरकवला.

आवडाने गडूला हात लावला नाही. आचाऱ्यांच्या गाडीतून एक मातीचे मडके घेतले.

समुद्रात गोडे पाणी कुठे असते, हे टिटवीने सांगितले. दरसाल तिची पिल्ले जिथे पितात तिथे, पोळ्यासारख्या दगडांच्या अगदी शेवटच्या रांगेपलीकडे, ओहोटी पुरती उतरली की वाळूत झरा उघडतो. आवडा तिथे जाऊन बसली. पाणी हटत गेले, गुडघ्यावरून घोट्यावर, घोट्यावरून बोटांवर. तिने वाळू उकरली. आले ते खारे. तिने ते फेकले. पुन्हा खारे. पुन्हा फेकले. परवाची बाई असती तर रडत माघारी फिरली असती. ही बसून राहिली. चौथ्या खेपेला खड्ड्यात पाणी आले ते नितळ आणि थंड होते. जिभेला लावले तर गोड.

तिने मडके जोग्यापुढे ठेवले. म्हाताऱ्याने पाण्याकडे पाहिले. त्याचा कंठ हलला. पण त्याने हात पुढे केला नाही.

“प्या ना बाबा. सातशे वर्षांचा घसा आहे.”

“तू या घरची नाहीस,” तो म्हणाला. “पाहुण्याला पाणी घरच्याने द्यायचे असते. ठेव तिथेच.” मग म्हणाला, “तिसरे काम. दरबारात एकशे आठ होते. वर एकशे सातच आहेत. देवडीवरचा नाही. दाराच्या आत बसायचा तो. त्याला आण. दारातल्या हाकेला सगळ्यांच्या वतीने ओ द्यायची ती त्याने, त्याच्यावाचून विचारणे पुरे होणार नाही.”

“तो कुठे आहे?”

“कोणी पथ्य मोडून नेला. त्याची घरघर मला रोज पहाटे ऐकू येते. जमिनीतून येते. कोण कुठे नेऊन त्याला फिरवतो, मला माहीत नाही.”

आवडा तशीच उठून गाड्यांकडे गेली.  

ती रात्र सरायची वाटही तिने पाहिली नाही, गाडी जुंपून घरी आली तेव्हा उजाडत होते. दार उघडले. कोपऱ्यात जाते होते. त्यावर तिने निघताना टाकलेले फडके होते. ती त्याच्यासमोर बसली आणि तिला तिचेच हात दिसले. वीस वर्षे. त्याआधी सासू. त्याआधी सासूची सासू. बाळंतपणाची दळणे, लग्नाची दळणे. पणजोबाने टोकावर जाऊन तीनदा ठोकले असेल, विचारले असेल, आणि पणजीने मागून म्हटले असेल, कोणी नाही. तिच्यासारखेच. एका श्वासात. आणि दगडातून दोन चकत्या काढल्या असतील.

जातं बोलतंय गं.

 बैलांनी घंटा हलवल्या तेव्हा ती उठली. कुंचल्याने तिने फटीतले पीठ काढले, कण न् कण. खुंटा उपसला. दोन्ही दगड धुतले. मग सासरी निघालेल्या लेकीला लावावे तसे हळदकुंकू लावले, आणि चादरीत गुंडाळून गाडीत ठेवले. वाटेत खाचखळगा आला की ती उतरून गाडीला हात लावी. त्याला धक्का बसू नये म्हणून. शंभर वर्षे भरडल्यानंतर.

टोकावर आली तेव्हा ओहोटी सरत आली होती. जोगी वर येऊन बसला होता. आवडाने पाण्याच्या कडेला जात्याचा खालचा दगड ठेवला, त्यावर वरचा ठेवला. हातोड्याने, अगदी हलके, तीनदा ठोकले.

“आहे का कोणी?” तिने विचारले, आणि कान लावला.

काही नाही.

पाणी वळले. पोळ्याच्या शेवटच्या रांगेवर फेस आला. जोगी म्हणाला, “ऐकलेस?” ती बोलली नाही. पाणी आणखी एक रांग चढले. जोगी म्हणाला, “त्यांनी मला दिले नाही ते तुला काय देणार, बाई.” तिच्या मनात आले, पुन्हा विचारावे. मोठ्याने विचारावे. पण विचारणे एकदाच होते. आणि तिला आता ठाऊक होते, की आत कोणी असले तर ते काहीतरी बाजूला सारून, उठून, येत असते. यायला वेळ लागतो.

पाणी तिच्या पावलांना लागले. मग गुडघ्यांना. उभ्या दगडांत रवळूचा दगडच पहिला, अगदी कडेला होता, त्याच्यापासून पाणी आता हातभर होते. तिने डोळे मिटून घेतले, कान उचलला नाही.

पाणी वीतभर उरले, चार बोटे उरले. जोगी उठला. “वेळ झाली,” तो म्हणाला, आणि शाप कायमचा करायला त्याने हात वर केला.

तेव्हा जात्याच्या पोटात घरघर सुरू झाली. कोणी फिरवत नव्हते. रोज पहाटे हात थांबल्यावर यायचा तोच हुंकार होता, पण या वेळी त्याच्यावर पिठाची घाई नव्हती. तो वाढत गेला, उकलत गेला, आणि त्यातून म्हाताऱ्या, दमलेल्या माणसाचा आवाज आला.

“आहे, बाबा. आहे. अडसर जड आहे, काढतो आहे. जरा थांबा. दार उघडतो.”

जोग्याचा हात वरच राहिला.

आवडाने त्याच्याकडे पाहिले. तिने आजवर नवरा दगड झालेला पाहिला होता, पण जिवंत माणूस इतका गोठलेला पाहिला नव्हता.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “त्या दिवशी हाक मारून तुम्ही किती थांबलात?”

जोग्याचे ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला. आवडा थांबली.

“नाही थांबलो,” तो म्हणाला. “थंडी वाजत होती. विचारले, आणि त्याच श्वासात शाप दिला.” तो जात्याशी बसला. “तो येत होता. सातशे वर्षे मी त्याच्यावर रागावून बसलो, आणि तो अडसर काढत होता.”

पाणी रवळूच्या दगडाला लागले. पण शापात आता जोर राहिला नव्हता. अंगातला सदरा काढून ठेवावा तशी माणसे दगडांतून बाहेर आली. दगड तिथेच उभे राहिले, रिकामे. जात्यातून देवडीवाला उठला. म्हातारा, वाकलेला, भुवयांवर पीठ. कमरेभोवती शंभर वर्षांच्या फिरण्याचा वळ होता. त्याने इकडे तिकडे पाहिले, मडके दिसले. त्याने ते उचलले आणि जोग्यापुढे गेला.

“उशीर झाला, पाहुणे,” तो म्हणाला. “रागावू नका. पाणी घ्या.”

जोगी दोन्ही हातांनी प्याला. पिताना त्याच्या कोरड्या डोळ्यांतून पाणी आले, आणि दाढीतले शेवाळ गळून पडले. मग त्याने मडके ठेवून देवडीवाल्याचे पाय धरले. देवडीवाल्याने त्याला उठवून आत चला म्हटले, पंगत मांडलेली आहे. जुन्या दरबाराचे राजासकट एकशे आठ जण, आणि त्यांचा पाहुणा, असे गुहेत उतरले. हसणे ऐकू आले, तुपाचा वास आला. त्यांचा काळ केव्हाच सरला होता, राहिले होते ते एवढे एक जेवण. भरतीचे पाणी गुहेत शिरले तेव्हा आत कोणी नव्हते. ताटेही नव्हती.

गुहेत उतरण्याआधी देवडीवाला आवडापाशी थांबला होता. ती मान वर करू शकली नाही. वीस वर्षे तिने त्याला फिरवले होते. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “ओव्या छान म्हणायचीस,” तो म्हणाला. “माझा वेळ जायचा.”

रवळू घण शोधत होता. शोधत तो तिच्यासमोर आला. तिने पिशवीतून घण काढून त्याच्या हातात दिला.

“तू बोलली नाहीस,” तो म्हणाला. “मी थांबायला हवे होते.”

“आणि मी वीस वर्षे न ऐकता बोलत होते,” आवडा म्हणाली.

राजा वीरकेतू त्या दिवशी सिंहासनावाचून परत गेला.  दुसऱ्या दिवशी दरबारात त्याने फिर्यादीला विचारले, काय म्हणणे आहे? फिर्यादी अडखळला. राजा थांबला. फिर्यादीला रडू आले, कारण त्याच्यासाठी असे कोणी कधी थांबले नव्हते. तेव्हापासून त्या राज्यात रीत झाली. पाण्यात घटिकापात्र सोडायचे, आणि ते बुडेपर्यंत राजाने बोलायचे नाही. सिंहासन वाळवी लागलेलेच राहिले. राजा म्हणे, माझ्या घाईला तेवढेच बरे, जपून बसावे लागते.

टोक अजून आहे. दगड उभे आहेत. लोक अजून तिथे जातात, पोहे खातात, समुद्र पाहतात. मात्र जाणारा प्रत्येक जण एका दगडाला कान लावतो आणि दहा श्वास बसतो. आत कोणी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बसतात. टिटवीची चारही पिल्ले उडाली.

आवडाकडे आता दुसरे जाते आहे, मागच्या डोंगरातले, साधे. त्याला सालोसाल टाकी लागते. पहाटे दळण संपले की ती पाटी लगेच उचलत नाही. हात खुंट्यावर ठेवून जरा बसते. रवळू अंथरुणातून विचारतो, काय ऐकतेस? ती म्हणते, काही नाही. पण ऐकून झाल्यावरच म्हणते.

कहाणी इथे पुरी झाली. सांगणारा थकला, समुद्र नाही थकला. ऐकणाऱ्यांनी उठावे, आणि दारावर कोणी ठोकले असेल तर आतून आधी ओ द्यावी, मग अडसर काढावा.